तीन लॅपटॉप आणि एक एफडी

आमच्या घराण्यात कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा असला की फोन मला येतो. मी काही त्यातली तज्ज्ञ वगैरे नाही हो. गेली वीस-बावीस वर्षं हपिसात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या खोड्या शोधायचं काम करतेय, एवढंच. पण नातेवाइकांच्या लेखी 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे'. त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकला, पासवर्ड विसरला, मोबाईलवर सुप्रभात यायचं बंद झालं, सगळं माझ्या खात्यात जमा. ब्लॉगर मंडळींपैकी निम्म्यांच्या घरी हेच चालत असणार, त्यामुळे जास्त सांगत नाही.

२०२५च्या दिवाळीत दादाचा फोन आला तो मात्र जरा मोठ्या कामाचा होता. बाबांनी ठेवलेली एक एफडी सुटली होती. व्याजासकट एक लाख वीस हजार. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांची पाकिटं अजून कपाटात तशीच आहेत, प्रत्येकावर शाईच्या पेनाने कारण लिहिलेलं. 'घरपट्टी', 'पत्र्याची दुरुस्ती', असं. या पाकिटावर लिहिलं होतं, 'शिक्षणासाठी'. कुणाच्या, ते नव्हतं लिहिलेलं.

दादाचा बेत तयार होता. चिरंजीव, म्हणजे माझा पुतण्या, नुकताच सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागला होता. त्याला पंचाहत्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप. वहिनी घरून व्यापाऱ्यांचे हिशोब लिहिते, तिला उरलेल्या पंचेचाळीसमध्ये चांगलासा. आणि दादाचा स्वतःचा जुना लॅपटॉप आईला. "तिला काय गं, थोडंसं टाईप तर करायचं असतं. तू फक्त मॉडेलं सांग."

मी मॉडेलं सांगितली नाहीत. दोन दिवसांची रजा टाकली आणि मिरजेची गाडी पकडली.

याला कारण आहे. कुणाला कसला कॉम्प्युटर हवा ते त्या माणसाला विचारून कळत नाही, हा माझा अनुभव. माणूस जे दुकानात ऐकलेलं असतं तेच सांगतो. "सोळा जीबी पाहिजे", "आय-सेव्हन पाहिजे". किंवा आईसारखी माणसं सांगतात, "मला काहीही चालेल." त्यापेक्षा तो माणूस काम करत असताना मागे खुर्ची टाकून बसावं आणि गप्प बघावं. हपिसात आम्ही हेच करतो आणि त्याचे पैसे घेतो.

पहिल्या दिवशी वहिनीच्या मागे बसले. वहिनी म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात कामसू प्रकरण (वहिनी, वाचते आहेस ना?). सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे दोन व्यापारी, तासगावचा एक बेदाण्याचा, एक औषधाचं दुकान, एक-दोन छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं एक विवरण, २० तारखेला दुसरं, आणि त्या दोन तारखांच्या आधी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. ती टॅलीवर काम करते आणि टॅली विंडोजवर चालतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्या प्रणालीचा प्रश्नच मिटला. टॅलीला फार ताकदीचं यंत्र लागत नाही. पण मी बसून मोजलं तर तिच्या यंत्राला एका वेळी चार गोष्टी खोचलेल्या होत्या: माऊस, प्रिंटर, पेनड्राईव्ह, आणि कंपन्यांच्या सह्यांसाठी डिजिटल सिग्नेचरचं ते टोकन. हल्लीचे चपटे लॅपटॉप बघा, कसेबसे दोन खाचे देतात. शिवाय तिचा उजवा हात आकड्यांच्या वेगळ्या कळपट्टीवर असा चालतो की बघत राहावं, मान खाली न घालता. तिला छोट्या कीबोर्डवर वरच्या ओळीतले आकडे दाबायला लावणं म्हणजे तबलजीला ताटली वाजवायला देणं.

आणि तिचा लॅपटॉप टेबलावरून कधी उठतच नाही. तो 'लॅपटॉप' आहे तो फक्त लाईट गेले तर एन्ट्री बुडू नये म्हणून.

तिला बारीक, चकचकीत, नवीन काही नको होतं. धंद्याच्या कामासाठी बनवलेलं जुनं, दणकट यंत्र हवं होतं. मोठ्या कंपन्या आपल्या हपिसातले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात, ते साफसूफ होऊन बाजारात येतात. मी तिच्यासाठी थिंकपॅड टी-५८० मनात धरला. २०१८ सालचं मॉडेल, आठव्या पिढीचा इंटेल, आणि हा 'आठवी पिढी' मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. रॅम बदलता येते, दोन खाचे आहेत. खोचायला जागाच जागा, अगदी जाड नेटवर्क केबललासुद्धा. आणि गंमत म्हणजे बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. चालू कामात बाहेरची काढून दुसरी लावली तरी यंत्र बंद पडत नाही. मिरजेत पावसाळ्यात लाईटचं जे चालतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल.

चिरंजिवांच्या मागे बसायला फार वेळ लागला नाही. त्याचं म्हणणं, सिव्हिलला ऑटोकॅड लागतं आणि ऑटोकॅडला ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणून गेमिंग लॅपटॉप. बरोबर आहे का? अर्धं. पहिली दोन वर्षं जे सपाट, दोन मितींतले नकाशे काढायचे असतात त्याला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स भरपूर झालं. रॅम सोळा जीबी पाहिजे, त्यात मात्र काटकसर नको. पुढे इमारतींची त्रिमितीय मॉडेलं आली तर कॉलेजची प्रयोगशाळा आहे. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, वर्षावर्षाने परवाना नवा करून घ्यायचा. आणि गेमिंग लॅपटॉप म्हणजे अडीच किलोच्या आसपास, वर चार्जरची वीट वेगळी, आणि बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत. हा मुलगा रोज मिरज-सांगली एसटीने उभा राहून जातो.

"आत्या, पण नंतर अपग्रेड करता येत नाही ना," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं, आणि त्याने अभ्यास केलेला होता. स्वस्त आणि चपट्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर डाग देऊन पक्की बसवलेली असते. आठ जीबी घेतली की आयुष्यभर आठ. म्हणून त्याच्यासाठी अट ठरली: सोळा जीबी पहिल्यापासून, किंवा निदान एक खाचा मोकळा. वजन पावणेदोन किलोच्या आत. गेम्स जे चालतील ते चालतील. तो दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. चालायचंच.

आता आई.

आईच्या मागे बसणं सोपं नव्हतं, कारण तिला कुणी मागे बसलेलं आवडत नाही. आई छत्तीस वर्षं आरोग्यसेविका होती. १९७६ साली लागली, २०१२ला निवृत्त झाली, आणि त्यातली बहुतेक वर्षं जत तालुक्यात. उपकेंद्र, त्याखालची गावं, गावांखालच्या वस्त्या. लसीच्या डब्याचा पट्टा खांद्यावर आणि पायी. या सगळ्या वर्षांच्या तिच्या डायऱ्या आहेत, सरकारी निळ्या पुठ्ठ्याच्या, आणि त्यात नुसत्या लसींच्या संख्या नाहीत. कुठल्या वस्तीवर कुणाच्या घरी काय बघितलं, कोण काय म्हणालं, कुणी दारातून परत पाठवलं, सगळं आहे. निवृत्त झाल्यावर ती ते टंकायला लागली. पन्नाशीत असताना सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी करावी लागली होती ना, त्या शिदोरीवर. आधी अधूनमधून, बाबा गेल्यावर रोज. एकशे ऐंशी पानं झाली होती. कुणाला वाचायला देत नाही.

मी न्याहाळलं ते असं. ती पडद्याकडे सरळ बघतच नाही. मान थोडी डावीकडे वळवते, मग ओळ शोधते. एक शब्द टंकते, आणि मग कर्सर कुठे गेला ते शोधायला सबंध पडदाभर नजर फिरवते. दर दोन मिनिटांनी. तिला काचबिंदू आहे हे आम्हाला माहीत आहे, रात्री दोन्ही डोळ्यांत थेंब घालतात हेही माहीत आहे, दर तीन महिन्यांनी ती पुण्याला माझ्याकडे येते ती त्याच तपासणीला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की गेलेली नजर परत येत नाही, थेंब आहेत ते आहे ती टिकवायला. पण काचबिंदूत मधलं दिसत राहतं आणि कडा खात जातात, याचा टंकताना काय अर्थ होतो ते मला त्या दिवशी खुर्चीत बसून दिसलं. तिच्या दृष्टीने पडदा म्हणजे एक भोक आहे, त्यातून ती एकेक शब्द बघते.

आणि पडदा तरी कसला, २०१२ साली गल्लीतल्या माणसाने जोडून दिलेला, साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८. इंग्रजी त्यावर वाचता येतं. देवनागरी वेगळी. आपली अर्धी अक्षरं ओळीच्या वर आणि खाली राहतात. अनुस्वार हा पडद्यावर दोन-चार ठिपक्यांचा जीव. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत फरक तो केवढा! ठिपके जाडेभरडे असले की 'कुंकू'चं 'कुकू' होतं आणि तपासताना कळत नाही. चांगल्या डोळ्यांनाही कळत नाही, तिथे आईची काय कथा.

"मोबाईलवर बोलून टाईप होतं की," दादा म्हणाला. होतं, आणि मराठी चांगलं ओळखतं, मी आईला ते दाखवलंही होतं. ती दोन पानं बोलली आणि सोडून दिलं. "बोलायला लागले की मी सांगत सुटते. लिहायचं असतं ते वेगळं." मला हे पटतं. तुम्हा ब्लॉगर मंडळींनाही पटेल.

आता या बाईला दादाचा जुना लॅपटॉप द्यायचा होता. २०१७ सालचा, सातव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क, आणि पडदा परत तसाच १३६६ बाय ७६८, वर अंधुक. चालू व्हायला चार मिनिटं, मी घड्याळ लावून बघितलं. शिवाय विंडोज-१०ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने थांबवली. नाव नोंदवलं तर २०२६च्या ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेची मुदतवाढ मिळते, पुढे काही नाही. विंडोज-११ टाकावं, तर त्याला आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. सातवीवाले नापास. एका इयत्तेने गेला बिचारा.

आपल्याकडे यंत्रांची उतरंड शर्टांसारखी असते. नवं मुलाला, मुलाचं जुनं बापाला, बापाचं जुनं आईला. आईचा मोबाईल हा घरातला सगळ्यात जुना मोबाईल असतो, आपापल्या घरी बघून घ्या. खरं तर उलट पाहिजे. ज्याला यंत्रातलं कळतं तो रडकं यंत्रही हाकून नेतो, अडलं तर बंद करून चालू करतो, दुसरी वाट काढतो. ज्याला कळत नाही, ज्याला दिसत नाही, त्याचं यंत्र अडलं की काम थांबतं आणि वर त्याला वाटतं, आपलंच चुकलं. आई दहा वेळा तरी म्हणाली असेल, "माझंच काहीतरी दाबलं गेलं."

रात्री जेवणं झाल्यावर मी दादाला म्हटलं, सगळ्यात चांगला पडदा आईला. आवाज थोडे चढले. त्याचं म्हणणं, बाबांनी पैसे शिक्षणासाठी ठेवलेत, नातवाच्या. मी म्हटलं, नातवाच्या असं कुठे लिहिलंय, पाकीट दाखव. वहिनी म्हणाली, माझ्या वाट्याचे कमी करा पण भांडू नका, पोराचा उद्या पेपर आहे. आणि आई आतून म्हणाली, "मला जुनाच दे रे. माझी अशी किती वर्षं राहिलीत बघायची."

यावर कुणी काही बोललं नाही. सकाळी दादाने स्वतःच तिला विचारलं, दिवसाला किती पानं होतात. "पूर्वी दोन व्हायची. आता अर्धं." त्याने मनात काय हिशोब केला ते मला माहीत नाही, पण चहा पिता पिता म्हणाला, "तू म्हणतेस तसं कर."

मग बाजार. सुरुवात पुण्यात तपकीर गल्लीपासून केली, शेवट घरी बसून जालावर. जे बघितलं त्यातलं थोडं सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

प्रोसेसरच्या नावांवर अजिबात जाऊ नका, आकड्यांवर जा. एका दुकानात मला 'आय-सेव्हन आहे मॅडम, चोवीस हजारांत' म्हणून दाखवला तो सहाव्या पिढीचा निघाला. आजचा साधा आय-थ्री त्याला पाणी पाजेल, आणि विंडोज-११ तर त्यावर नियमाने चढतच नाही. नव्यातही गंमती आहेत. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू घ्या. पहिला सात बघून वाटतं नवा कोरा. तो सात म्हणजे फक्त बाजारात आल्याचं साल, २०२३. आतली रचना कुठली ते तिसरा आकडा सांगतो, दोन. म्हणजे झेन-२, २०१९ साली पहिल्यांदा आलेली. यंत्र वाईट नाही, आईच्या कामाला झकास चालेल, पण चिरंजिवांना 'रायझन ५' एवढंच बघून तो देऊ नये. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं तर इंटेलने २०२३पासून नव्या लॅपटॉपवरून काढूनच टाकली, आता त्या खालच्या थरातल्या मालावर नुसतं 'इंटेल प्रोसेसर' लिहितात. भारदस्त वाटतं ऐकायला.

फार स्वस्तात, वीसच्या खाली, नवीन लॅपटॉप दिसला तर त्यात ईएमएमसी नावाची साठवण आहे का ते बघा. ती म्हणजे मोबाईलमधल्या मेमरी कार्डाची बहीण. चौसष्ट जीबीतली निम्मी विंडोजच खातं आणि दोन अपडेटनंतर यंत्र धापा टाकतं. एसएसडीच पाहिजे, २५६ची असली तरी चालेल. जुन्या मंडळींना २००७ सालचा तो सात इंची आसुस ईईई पीसी आठवत असेल, चार जीबीवाला. आमच्यातल्या एका ब्लॉगर मित्राने तो घेतला होता आणि आम्ही सगळे हेव्याने मेलो होतो. एवढ्याशा पडद्यावर तो लेख कसे लिहायचा देव जाणे. तेव्हा एक्सपीवर मराठी दिसावं म्हणून विंडोजची सीडी शोधत घर पालथं घालायला लागायचं, ते दिवस. असो, विषयांतर झालं.

पडदा मात्र दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मी एक युक्ती केली. पेनड्राईव्हवर आईच्या मजकुरासारखं एक मराठी पान नेलं, भरपूर रफार, अनुस्वार, जोडाक्षरं असलेलं. प्रत्येक लॅपटॉपवर ते उघडायचं आणि दोन पावलं बाजूला सरकून वाचायचं. स्वस्त टीएन पडद्यावर बाजूने बघितलं की अक्षरं धुऊन निघतात, आणि आई तर सरळ बघतच नाही! चकाकता पडदा बाद, त्यात खिडकी दिसते. उजेड मोजायचं माप निट्स. बहुतेक स्वस्त लॅपटॉप अडीचशेचे असतात, मला तीनशेचा मिळाला. दुकानदार दोन-तीनदा म्हणाला, "मॅडम, कॉन्फिगरेशन तर बघा." मी म्हटलं, वाचून होऊ दे.

हे सगळं नोव्हेंबरात चाललेलं आणि तेवढ्यात रॅमचे भाव चढायला लागले. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहतायत त्यांनी मेमरीचा बाजार उचलून नेला म्हणे, आणि त्याचा चटका मिरजेच्या पोराला. पाहून ठेवलेला एक लॅपटॉप आठवड्यात साडेतीन हजारांनी वर गेला. मग जास्त घोळ घातला नाही.

शेवटी झालं ते असं. चिरंजिवांना नवा, सोळा जीबीवाला, बावन्न हजार. वहिनीला दुसऱ्या हातचा थिंकपॅड, सोळा जीबी आणि ५१२ची एसएसडी घालून चोवीस हजार, दुकानाची वर्षाची हमी. (असा जुना घेताना बॅटरीचा अहवाल जरूर काढा, विंडोजमध्येच सोय असते. मूळची क्षमता आणि आत्ताची, दोन्ही आकडे येतात. आमचा पहिला निघाला तो मूळच्या निम्म्यावर आला होता. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा काढून दिला.) बिल पक्कं, त्याशिवाय वहिनी पैसे सोडत नाही. आईला सोळा इंची, साधा आय-थ्री, आठ जीबी, पण पडदा देखणा, साडेछत्तीस हजार. पुण्याला येताना बरोबर आणता येतो. आणि घरच्या टेबलासाठी त्याला जोडायला चोवीस इंची मॉनिटर, साडेसात. आईचा जुना साडेअठरा इंची मॉनिटर वहिनीच्या टेबलावर गेला, टॅलीच्या शेजारी जीएसटीचं पान उघडं ठेवायला. मोठा कीबोर्ड आणि मराठी अक्षरांचे स्टिकर मिळून नऊशे वर झाले, ते मी घातले. दादाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने एसएसडी बसवली, मी लिनक्स मिंट टाकून दिलं. तो आता वहिनीच्या आईकडे कीर्तनं लावतो आणि उत्तम चाललाय.

आईचा लॅपटॉप लावून द्यायला मात्र पुरता एक शनिवार-रविवार गेला. माऊसचा बाण सगळ्यात मोठा आणि पिवळा केला. विंडोजमध्ये कर्सरला वर-खाली रंगीत फुगे लावायची एक सोय आहे, सुलभतेच्या सेटिंगमध्ये, बहुतेकांना माहीतच नसते. ती लावली. आईने पहिली ओळ टंकली, थांबली, परत टंकली. म्हणाली, "हा आता पळत नाही."

पण खरा घोळ वेगळाच. तिची ती एकशे ऐंशी पानं सगळी जुन्या फाँटमध्ये. नव्यांसाठी सांगते: या जुन्या फाँटांत 'क' हा क नसतोच. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, फाँट त्याला कचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की सगळा मजकूर म्हणजे माकडाने कीबोर्डवर उड्या मारल्यासारखा. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं जालावर फुकट आहेत आणि पंच्याण्णव टक्के काम ती करतात. अडतं कुठे, तर जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती नंतर येते, जशी उच्चारतो तशी. रफाराचं बरोबर उलटं. आणि एकाच अक्षरावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी दोन्ही आले की साधन गोंधळतं. वार्षिक, आर्थिक वगैरे.

आरोग्यसेविकेच्या डायरीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कुठला असेल? 'गर्भिणी'. जिथे जिथे तो शब्द, तिथे तिथे कचरा.

आईने हाताने दुरुस्त करायचं म्हटलं तर वर्ष गेलं असतं. पुतण्या त्या रविवारी तिथेच घुटमळत होता, आपला नवा लॅपटॉप मांडीवर घेऊन. पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग असतंच. त्याला मी नियम समजावून दिला, कुठलं चिन्ह कुठल्यापुढे न्यायचं ते. त्याने वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या फेरीत त्याने सगळे 'सूर्य' बिघडवले, दुसऱ्या फेरीत जमलं. मग बरोबर झालं का ते बघायला कुणीतरी वाचायला हवंच होतं, आणि आईची नजर त्यात घालवायची नाही असं ठरलेलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तूच वाच. पण मोठ्याने नको."

तो तीन संध्याकाळी वाचत होता. मधे एकदा त्याने मला मेसेज केला, "आत्या, आजीने बैलगाडीत बाळंतपण केलंय हे तुला माहीत होतं?" मला नव्हतं माहीत.

आता दिवसाला एक पान होतं म्हणते. सकाळी, नजर ताजी असताना. लाईट गेले तरी मधे थांबत नाही. सध्या ती १९८३ सालात आहे, आणि डायऱ्या २०१२पर्यंतच्या आहेत. पुढच्या तपासणीला येताना लॅपटॉप बरोबर आणणार आहे, मला तिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करायचंय.